दोर वाढला

आमच्या खाणीत कधी काही तुटत नसे. फावड्याचा दांडा वाढायचा, चपलेचा अंगठा वाढायचा, पाळण्याचा दोर वाढायचा. बायका बांगडी फुटली न म्हणता वाढली म्हणतात ना, तसंच. फक्त आमच्याकडे पुरुषही म्हणायचे आणि जरा जास्तच मनापासून म्हणायचे. 'तुटला' हा शब्द उच्चारला की खाण तो ऐकते आणि लक्षात ठेवते, अशी समजूत होती. मला ती समजूत खुळचट वाटायची. पण तो शब्द मीसुद्धा कधी तोंडातून काढला नव्हता, उगाच विषाची परीक्षा कोण घेणार?

माझे बाबा खाणीचे दोरवाले. खाली जायला लोखंडी पिंजरा होता, त्याला सगळे पाळणा म्हणत, आणि तो ज्या तारेच्या दोराला लटकायचा तो दोर बाबांच्या ताब्यात. रोज सकाळी तेलात बुडवलेली सुती चिंधी ते दोरावरून हलकेच ओढत न्यायचे. चिंधीचा धागा कुठे अडकला की बाबा थांबायचे, बोटाने चाचपायचे आणि तोंडातल्या तोंडात म्हणायचे, "इथे एक तार वाढली." मग दिवसभर पाळणा बंद. मुकादम आदळआपट करायचा, बाबा ऐकून घ्यायचे आणि पाळणा बंदच ठेवायचे.

बाबांचा हा काटेकोरपणा काकांमुळे आला होता. काका बाबांचे धाकटे भाऊ. दोघांचा आवाज इतका सारखा की दाराबाहेरून हाक आली तर आजीसुद्धा फसायची. जुन्या विहिरीत पाळण्याचा दोर वाढला आणि काका गेले. विहीर म्हणजे पाणी भरायची नव्हे, माणसं वरखाली करायचा उभा खड्डा. तेव्हा काकू पोटुशी होती. ती माहेरी गेली, तिथेच तिला मुलगी झाली आणि तिथेच ती वाढली. पोरगी वाढली म्हणतेय मी, खरोखरची वाढली. आमच्याकडे हे सांगावं लागतं.

त्या वर्षी काकूला खाणीच्या कचेरीत काम मिळालं आणि मायलेकी आमच्याकडे राहायला आल्या. ही चुलत बहीण माझ्याहून बरीच लहान, अंगाने काडी, डोळे मात्र भलेमोठे. कोणी काही सांगितलं की शब्दाला शब्द धरून चालणारी. आई म्हणाली, जरा हात चालव, तर ही भाजी निवडायची सोडून खरंच हात हलवत उभी राहिली. मी तिचं नाव पाहुणी ठेवलं. माझं नाव खाणीतल्या दिवेवाल्या आजोबांनी आधीच लवंगी ठेवलं होतं, मिरचीवरून. त्याबद्दल मी काही बोलणार नाही.

एका संध्याकाळी आम्ही दोघी अंथरुणं घालत होतो. पाहुणी चादरीचं टोक धरून म्हणाली, "ताई, माझ्या बाबांचा दोर किती वाढला असेल?"

"म्हणजे?"

"आई सांगते, दोर वाढला म्हणून बाबा आले नाहीत. म्हणजे तो अजून वाढतोच आहे ना? आणि बाबा अजून खाली खाली जातायत."

इतकी वर्षं ही पोरगी डोक्यात काय घेऊन बसली होती आणि कोणाला त्याचा पत्ताच नव्हता. तिला खरं सांगायचं तर तो शब्द उच्चारायला हवा, आणि तो मला उच्चारता येईना. मी तिला झोप म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

पुढे जे झालं ते भर दुपारी झालं. डोंगराच्या पोटात आडवा बोगदा होता, त्यातून चालत आत जाता यायचं. आम्ही दोघी पंपवाल्या मामाचा डबा घेऊन निघालो होतो. मामा त्या दिवशी दुसऱ्या वाटेने जेवायला बाहेर पडला होता. आम्ही डबा घेऊन आत आणि तो उपाशी बाहेर, असा सगळा घोळ. पंप एकटाच धडधडत होता. मी मामाच्या नावाने बडबडत मागे वळले तेवढ्यात छत बसलं.

आवाज आधी पायांना कळला, मग कानांना. धुळीचा लोट आला. आम्ही एकमेकींना गच्च धरून खाली बसलो. धूळ बसल्यावर दिवा वर करून पाहिलं तर परतीची वाट दगडांनी बुजली होती. आणि पंप बंद पडला होता.

पंप बंद म्हणजे काय, हे खाणीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. खालचं पाणी वर येणार.

मी घाबरले नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. माझे दात वाजत होते. पण पाहुणी माझ्याकडे बघत होती, आणि कोणी आपल्याकडे असं बघत असलं की रडायची सोय राहत नाही. मी डबा उचलला, तिचा हात धरला आणि जुन्या विहिरीच्या वाटेला लागले. बाकीच्या वाटा उताराच्या होत्या, ही तेवढी चढाची होती.

त्या वाटेने कोणी जात नसे. विहिरीच्या मधल्या तोंडाशी पोचल्यावर थंड वारा लागला. वर, खूप वर, ताटलीएवढं आभाळ दिसत होतं. खाली काळोख. आणि तोंडाशी टांगलेला पाळणा. काकांनंतर इथे नवा दोर आणि नवा पाळणा बसवला होता, अडीअडचणीला असावा म्हणून, पण त्यात बसायची कोणाची छाती झाली नव्हती. वरून चक्र फिरवलं की तो वर जायचा. बाबांना कळलं की ते आधी इथेच येणार, याची मला खात्री होती.

"तू इथे बस," मी पाहुणीला म्हणाले. "दिवा तुझ्याजवळ ठेव. पाणी कुठवर आलंय ते मी बघून येते."

"लवकर ये."

"आलेच."

भिंतीला हात लावत मी वळणाच्या पलीकडे गेले. तिथे पाण्याची खळखळ इतकी मोठी होती की स्वतःचा श्वास ऐकू येईना. पाऊल टाकलं तर पाणी घोट्याला लागलं. मी थोडी मागे सरकले आणि थांबले. पाणी पुन्हा घोट्याला आलं. कोणीतरी मागोमाग चालत यावं तसं ते येत होतं. मी पळतच परत आले.

पाहुणी पाळण्यात बसली होती. मांडी घालून, डबा मांडीवर, दिवा शेजारी, आगगाडीत खिडकीची जागा मिळाल्यासारखी खूश.

"ताई, मोठे बाबा आले होते वर. त्यांनी हाक मारली. म्हणाले, दोर वाढवलाय. आता आपल्यापर्यंत पुरेल. ये ना."

माझा जीव भांड्यात पडला. आले, बाबा आले. मी वर तोंड करून हाक मारली, पण कोणी ओ दिली नाही. चक्र फिरवायला गेले असतील, असं मनाशी म्हणत मी एक पाय पाळण्यात ठेवला. पाळणा कुरकुरला आणि किंचित तिरका झाला. विहिरीच्या भिंतीला दोन लोखंडी पट्ट्या होत्या, पाळणा त्यांच्यामधून सरकायचा. त्यातल्या एका पट्टीत त्याची कड रुतली होती.

"बसू नका."

आवाज बाबांचा होता. अगदी शांत, दोरावरून चिंधी फिरवताना बोलतात तसा.

"बसू नका, पोरींनो. दोर तुटलाय."

बाबा तो शब्द बोलणार नाहीत. सख्खा भाऊ गेला तेव्हासुद्धा बोलले नव्हते. आणि मला दिवेवाल्या आजोबांची गोष्ट आठवली. मुलांनी बोगद्यात भटकू नये म्हणून ते सांगायचे, की खाणीत काहीतरी असतं, ते आपल्या माणसांच्या आवाजात बोलतं, पण त्याला आपले शब्द ठाऊक नसतात. तेवढ्यावरून ते ओळखायचं. तेव्हा मी आजोबांची टिंगल केली होती. आता मला त्यांच्या मांडीवर जाऊन बसावंसं वाटत होतं.

आम्ही इथेच थांबावं, असं त्याला हवं होतं. पाणी येईपर्यंत. वळणाकडून खळखळ आता इथवर ऐकू येत होती.

"ऐकू नकोस त्याचं," मी पाहुणीला म्हणाले. "ते बाबा नाहीत. सरक, मला जागा दे."

"पण ते म्हणतायत तुटलाय."

"म्हणूनच ते बाबा नाहीत. बाबा काय म्हणाले तुला? दोर वाढवलाय ना?"

"हो. दोर वाढलाय."

मी थांबले. एक पाय पाळण्यात, एक दगडावर.

"नीट सांग. वाढवलाय की वाढलाय?"

"वाढलाय," पाहुणी म्हणाली. "दोर वाढलाय, असं ओरडले. पुढचं घुमलं, कळलं नाही. वाढवल्याशिवाय कसा वाढेल? एकच ना ते?"

एका अक्षराचा फरक. बाबांनी आमच्या भाषेत आम्हाला सावध केलं होतं, आणि ते ऐकायला नेमकी पाहुणी बसली होती. आणि तो दुसरा, जो कोणी होता तो, तेच सांगत होता. तिला कळेल अशा शब्दांत.

"पोरी," आवाज पुन्हा आला, या वेळी अगदी जवळून, "तुटलाय गं."

मी पाहुणीची दोन्ही मनगटं धरून तिला ओढलं. ती माझ्या अंगावर पडली, दोघी दगडावर आपटलो. पाळणा जागचा हलला. रुतलेली कड सुटली, लोखंड लोखंडावर किंचाळलं आणि दिव्यासकट, डब्यासकट सगळं खाली गेलं. वर कुठेतरी अडकून राहिलेलं दोराचं मोकळं टोक सुटून आलं आणि आमच्यासमोरून सळसळत पाळण्यामागे गेलं. मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. आणि मग खाली, कितीतरी खाली, पाण्याचा आवाज.

आम्ही अंधारात एकमेकींना धरून बसलो. मी आता रडत होते, उघड उघड, सोय बघत बसले नाही. पाहुणी रडत नव्हती. ती खड्ड्याच्या काठाकडे तोंड करून होती.

पाणी आमच्या पायांवरून विहिरीत कोसळू लागलं तेव्हा वरून दोरशिडी आली आणि तिच्यावरून बाबा. त्यांनी आधी पाहुणीला पाठीला बांधून वर नेलं, मग मला. वर उन्हात काकू होती, आई होती, आणि पंपवाला मामा डोकं धरून बसला होता. बाबांच्या हातांची सालटं निघाली होती.

"मी ओरडून सांगितलं होतं ना," बाबा मला म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "दोर वाढलाय, तिथेच थांबा, शिडी आणतो. एकदाच ओरडलो आणि शिडीसाठी धावलो. नव्या विहिरीपाशी होती ती."

"आणि नंतर? नंतर कोण होतं वर?"

"कोणी नव्हतं. का?"

"तुम्ही म्हणालात, बसू नका. दोर..." मला पुढे बोलता येईना. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं.

"मी तो शब्द बोलेन?" ते म्हणाले.

"आवाज तुमचाच होता."

बाबांनी हळूच मान वळवली आणि विहिरीकडे बघितलं. काकू उभी होती ती मटकन खाली बसली. तो आवाज बाबांशिवाय आणखी एकाच माणसाचा होता, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

आणि मला तेव्हाच आठवलं, की तो आवाज वरून आला नव्हता. पाळण्याच्या खालून आला होता.

पाहुणी काकूच्या कुशीतून सुटून माझ्याकडे आली. धुळीने तिच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या.

"ताई, दोर वाढला म्हणजे तुटला का?"

आई म्हणाली, "अगं, असं..." पण बाबांनी हात वर करून तिला थांबवलं.

"हो," मी म्हणाले.

"माझ्या बाबांचापण?"

मी काकूकडे पाहिलं. तिने डोळे मिटले आणि होकाराची मान हलवली. मी पाहुणीसमोर गुडघ्यांवर बसले. एवढ्या लहान पोरीला ते दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं होतं. एकाने तर आधीच सांगायला घेतलं होतं.

"तुटला," मी म्हणाले. "तुझ्या बाबांचा दोर तुटला."

पाहुणीने ते नीट ऐकून घेतलं. मग तिने विहिरीकडे पाहिलं, आणि ती इतकी हळू बोलली की फक्त मला आणि बाबांना ऐकू आलं.

"म्हणजे ते खाली पोचलेत," ती म्हणाली. "आता पुढे जात नाहीयेत."

बाबांनी तिला उचलून घेतलं आणि तिच्या मानेत तोंड खुपसलं. मी आजवर त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.