चढावरचं 'आत्ता'

दुसऱ्यातून तिसरा गिअर पडला आणि बाबांनी काहीच म्हटलं नाही. मागच्या सीटवर ती पुढे वाकून बसली होती. दोन सीटांच्या फटीतून तिला बाबांचा अर्धा गाल दिसत होता आणि तो गाल अगदी निवांत होता. तिच्या नवऱ्याने इंजिन पुरतं ओरडू दिलं होतं आणि मगच गिअर टाकला होता. गाडीने आचका म्हणून दिला नाही. चौथ्यालाही बाबा तसेच, तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे.

म्हणजे याला सांगायची गरजच नाही, असं तिच्या मनात आलं आणि तिचा जीव जळला.

नवरा धंद्याने शिंपी. लग्न झालं तेव्हा याला बॉनेट कुठून उघडतं तेही ठाऊक नव्हतं. ती मात्र बाबांच्या गॅरेजात तेलाच्या डब्यावर बसून लहानाची मोठी झालेली. बाबांना सगळे मिस्त्री म्हणत आणि तिला ठिणगी. जुन्या दगडखाणीच्या या चढावर दरवर्षी गॅरेजवाल्यांची शर्यत होई. प्रत्येक गॅरेजची एक गाडी, एक चालवणारा आणि शेजारी एक सांगणारा. इतकी वर्षं बाबा चालवत आणि ती शेजारी बसे. यंदा बाबांचा खांदा धरला होता, तेव्हा शेजारी आपण बसणार हे त्यांनी जाहीर करून टाकलं. चालवणार कोण, ते काही सांगितलं नाही. यात सांगण्यासारखं आहेच काय, अशा थाटात ती राहिली, तर बाबांनी जावयालाही चढावर आणायला सुरुवात केली.

गाडी फिरवून पुन्हा पायथ्याशी आणली.

"चल, आता तू," बाबा म्हणाले.

नवरा उतरून मागे बसला. जाता जाता तो तिच्याकडे बघून हसला, आणि ते हसणंही तिला खुपलं.

तिने पट्टा ओढला. आरपीएमचा काटा या गाडीत नव्हताच. काटा बघणारा रस्ता बघत नाही, म्हणून बाबांनी तो केव्हाच काढून टाकला होता आणि त्या भोकावर चामड्याचा तुकडा चिकटवला होता. ऐकायचं, हा त्यांचा धडा. इंजिन ओरडायला लागलं की लोक घाबरून गिअर बदलतात आणि तिथंच फसतात, असं ते सांगत. जोर उतरायला लागला तरी धीर धरायचा, कारण वरच्या गिअरला चाकाला जोर आणखी कमी मिळणार. इथं उरलेला जोर आणि तिथं मिळणारा जोर सारखे झाले की बदलायचा. पहिला जवळजवळ शेवटपर्यंत ताणायचा, वरचे त्या मानाने थोडे आधी सोडायचे. हे सगळं तिला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

तिने गाडी सोडली. इंजिनाचा आवाज चढत गेला, पार टिपेला पोचला, क्लच दाबायची वेळ झाली. तिने पाय उचलला.

"आत्ता!" बाबा म्हणाले.

दुसरा पडला. पहिलं वळण, मग तो सरळ पट्टा.

"आत्ता!"

तिसरा. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. शिंप्याला मोकळं रान आणि पोटच्या पोरीला प्रत्येक गिअरला ढोसणं! चौथ्याच्या वेळी तिने दात आवळले, पण तिने पाय उचलला न उचलला तोच ते आलंच.

"आत्ता!"

वर पोचल्यावर बाबा हात चोळत खाली उतरले. स्वारी खुशीत होती.

"कोण चालवणार, बाबा?" तिने विचारलं.

बाबा रुमालाने मान पुसत खाणीकडे बघत राहिले. उत्तर द्यायचं टाळायची ही त्यांची हल्लीची तऱ्हा. परवा फोन वाजला तेव्हाही त्यांनी तो मुकाट तिच्या हातात ठेवला होता.

संध्याकाळी नवरा कुणाच्या तरी पडद्यांना टिपा मारत बसला होता. ती दारात उभी राहून त्याच्या पायाकडे बघत होती. टाच जागची हलत नव्हती. चवडा तेवढा खालीवर होत होता आणि मशीन एकसारखं चालत होतं. गाडीतही त्याचं हेच. क्लच दाबायचा तोही घोट्यातून. गुडघ्यापासून वर माणूस नुसता पुतळा.

"बाबा माझ्यावर चिडलेत का गं?" मशीन न थांबवता त्याने विचारलं.

"का बरं?"

"तीनदा वर नेली गाडी, पण एक अक्षर बोलले नाहीत. तुला कसं, प्रत्येक गिअरला 'आत्ता' म्हणतात. मला वाटतं, मी त्यांच्या हिशेबातच नाही."

"उगाच साळसूदपणा नको," ती म्हणाली. "चांगलं चालवणाऱ्याला कोण कशाला सांगेल?"

मशीन थांबलं. तिचा चेहरा नीट पाहण्यासाठी त्याने चष्मा कपाळावर सरकवला.

"तुला हेवा वाटतोय? माझा?"

"तुझा कशाला वाटेल? तोंड बघ आरशात."

तो मोठ्याने हसला आणि पुन्हा पडद्याला लागला. तिला मात्र हसू आलं नाही. हेवाच वाटत होता, चांगला सणसणून वाटत होता, आणि तोही कुणाचा, तर घरातल्या या गरीब गायीचा. आणखी चिडायला एवढं पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच बाबांना घेऊन चढावर गेली. नवऱ्याला मुद्दामच हाक मारली नाही. आज बाबांना बोलू म्हणून द्यायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. त्यांचं 'आत्ता' यायच्या आत गिअर पडलेला असेल, मग बघू काय म्हणतात ते.

पहिला गिअर तिने नीट ताणला. दुसऱ्याला मात्र तिला घाईच झाली. इंजिन अजून नुसतं गुणगुणत होतं, जोर यायला अजून अवकाश होता, आणि तिचा पाय उठला.

"आत्ता!" बाबा ठासून म्हणाले.

तिचा पाय तसाच अधांतरी राहिला. आत्ता? शिकाऊ माणसालासुद्धा कळलं असतं की ही वेळ नव्हे. तिने पाय खाली टेकवला. बाबा बघत होते, पण रस्त्याकडे नाही. त्यांची नजर तिच्या डाव्या गुडघ्यावर होती.

तिने दुसरा गिअर तसाच धरून ठेवला आणि गुडघा मुळीच हलू दिला नाही. आवाज चढला, टिपेला गेला, मग ती टीपही ओलांडून गाडी आकांताने किंचाळू लागली. हा आवाज एरवी ऐकला असता तर बाबांनी हात उगारला असता. आज ते शांतपणे तिच्या गुडघ्याकडे बघत होते, वेळ अजून आली नसल्यासारखे.

तिने पाय उचलला.

"आत्ता!" बाबा म्हणाले.

वर पोचून तिने इंजिन बंद केलं. मग एकेक गोष्ट तिला आठवत गेली. हातात ठेवलेला फोन. गॅरेजात कान फाटतील इतक्या मोठ्याने लावलेला रेडिओ. 'नीट बोल की, जेवला नाहीस का' म्हणून गिऱ्हाइकांची थट्टा. आणि नवऱ्याच्या शेजारचा तो निवांत गाल. त्याचा गुडघा हलतच नव्हता, मग बिचारे बाबा बोलणार तरी कशावरून? बाबांना स्वतःला हे उमगलं होतं की नाही, कोण जाणे.

आणखीही एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. म्हणजे इतके दिवस गिअरची वेळ तिची तिनेच साधली होती. बाबा तिच्या मागून येत होते.

"रविवारच्या शर्यतीत तूच चालव," बाबा समोर बघत म्हणाले. "जावईबापूंचा हात चांगला आहे. पण त्यांच्या शेजारी मला करमत नाही. तुझ्याबरोबर कसं, सगळं बरोबर कळतं."

हे ऐकायला ती इतके दिवस टपून बसली होती. तिने मान हलवली. मग बाबांचं लक्ष नसल्यासारखं वाटून पुन्हा एकदा, जरा जोरात हलवली.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला एवढंच सांगितलं, "उद्या क्लच दाबताना टाच उचल. अख्खा पाय उचलायचा, गुडघा चांगला वर आला पाहिजे."

"आणि ते कशाला?"

"वेळ तीच ठेव. गुडघा तेवढा दिसू दे."

तो शिंपी माणूस. माप कशासाठी, असं विचारत बसायची त्याला सवय नव्हती. बाबांना त्याच्याही शेजारी करमावं म्हणून ती हे सांगत होती, पण सांगताना तिच्या जिवावर आलं. जगात एकच गोष्ट फक्त तिच्या वाट्याची होती आणि तीही आपल्या हाताने वाटून टाकायची!

शर्यतीच्या आदल्या दिवशी गाडी बघून घ्यायला तिघं चढावर गेली. शेवटची फेरी नवऱ्याची होती, ती मागे बसली. आवाज चढला, टिपेला पोचला आणि नवऱ्याचा गुडघा वर आला.

"आत्ता!" बाबा ओरडले.

नवऱ्याचे कान लालबुंद झाले. कुणी शाबासकी द्यावी तसा तो ताठ बसला. तिसऱ्यालाही तेच. बाबांनी मांडीवर थाप मारली.

"वा! आज जमलं, जावईबापू! आज कसं सगळं बरोबर कळतंय." ते अर्धवट मागे वळले. "काय गं, उद्या यांनाच देऊन बघू या का गाडी?"

"नाही," ती म्हणाली. साफ, तोडून म्हणाली. इतका मत्सर आपल्यात अजून शिल्लक होता, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

बाबा तसेच हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत राहिले.

"काय? देऊ या ना?"

आरशात नवऱ्याचे डोळे तिच्या डोळ्यांना भिडले. तिचं 'नाही' त्याने ऐकलं होतं. बाबा त्याच्या शेजारीच होते, हातभर अंतरावर. त्याने एकदा आपल्या गुडघ्याकडे पाहिलं, मग पुन्हा आरशात. तिने नजर खाली घातली.

"नको, बाबा!" नवरा एकदम मोठ्याने म्हणाला. लग्नापासून सासऱ्यापुढे त्याचा आवाज कधी एवढा चढला नव्हता. "तीच चालवेल! मी खाली उभा राहून बघेन!"

"अहो, ओरडताय कशाला?" बाबा म्हणाले. "मी काय बहिरा आहे?"

शेवटचं वळण मागे पडलं आणि माथ्यापर्यंतचा सरळ पट्टा समोर आला. इंजिनाचा आवाज चढत चालला होता. बाबांची नजर पुन्हा खाली, नवऱ्याच्या पायाकडे वळली. ती डोळे मिटून ऐकत राहिली. आणखी थोडं, अजून थोडं. मागच्या सीटवर तिचाही डावा गुडघा हळूच वर आला आणि त्याच क्षणी पुढून बाबांचा आवाज आला.

"आत्ता!"