मोठीआई आणि धुक्यातले टोले

मी एक जुनी घंटा आहे. समुद्राकाठच्या एका गावात, चर्चच्या चौकोनी मनोऱ्यात मला टांगलेलं आहे. मित्रांनो, खालून मान वर करून पाहिलंत तर तुम्हाला माझ्या काठाला गेलेला तडा दिसेल, आणि त्याच्या टोकाला तुटलेल्या तुकड्याची खाचही दिसेल. हे कसं झालं ते सांगायचं, तर मला मोठीआईबद्दल सांगावं लागेल. परवाच तिला या चर्चच्या मागच्या जमिनीत ठेवलं.

माझा जन्म ओतशाळेत झाला. जहाजांना पाण्यात ढकलणारे मोडके पितळी पंखे वितळवून माझा रस साच्यात ओतला गेला. मी थंड झाल्यावर म्हाताऱ्या ओतारीदादांनी माझ्यावर एक टोला मारला, माझ्या पोटाशी कान लावला आणि म्हणाले, "चालेल." माझं एवढंच कौतुक झालं. मग बैलगाडीतून मी या मनोऱ्यात आले.

मोठीआई तेव्हा मोठी नव्हती. नुकतं लग्न होऊन आलेली, शिडीसारखी उंच, हाडापेराने काटक मुलगी होती. मला वाजवणाऱ्या काकांचे गुडघे धरले, तेव्हा ती पाळकांना म्हणाली, मी वाजवते. लोक हसले. पण पुढच्या रविवारी गाव तिच्या टोल्यांवर उपासनेला आलं, आणि मग कोणी हसलं नाही.

ती दर शनिवारी चर्च झाडायची, बाकं पुसायची, वर चढून माझ्या कड्यांना तेल घालायची. मुलांना गाणी शिकवायची. कोणाच्या घरी बाळंतपण असो की मयत, दारात पहिली तीच. पाळकांचं प्रवचन लांबलं की ती पुढच्या बाकावर मोठ्यानं खोकायची, आणि पाळक निमूटपणे शेवटाकडे वळायचे. हळूहळू सगळं गाव तिला मोठीआई म्हणू लागलं.

पण एका माणसाशी ती बोलत नव्हती. तो बर्फवाला. गावातला बर्फाचा कारखाना त्याचा होता आणि मोठी मोटरबोटही त्याचीच. मोठीआईचा नवरा त्या बोटीवर कामाला होता. इंजिनाला धाप लागते, ते आधी उघडून बघा, असं त्यानं मालकाला सांगितलं होतं. एवढी एक खेप होऊ दे, असं मालक म्हणाला. ती बोट परत आली नाही. त्या दिवशी मोठीआई धक्क्यावर बसून राहिली, आणि नंतर नवऱ्यासाठीचे टोले तिनं स्वतः दिले. एकही टोला चुकला नाही. मला ते आवडलं नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

जाळी विणून तिनं दोन मुलगे आणि एक मुलगी वाढवली. बर्फवाला शेवटच्या बाकावर बसायचा. ती त्याच्यासमोरून जायची ती भिंतीसमोरून गेल्यासारखी. असं करता करता मुलांची लग्नं झाली, नातवंडं झाली. बर्फवाल्याचा कारखानाही बसला. तो एका लहान होडीवर एकटाच मासेमारी करू लागला.

मग एका वादळात माझ्या पोटातला लोलक निखळून माझ्यावर आदळला आणि मला तडा गेला. गावानं बोलावलेल्या कारागिरानं लोलक पुन्हा बसवला आणि तड्यावरून बोट फिरवून पाहिलं. रविवारी चारदोन हलके टोले चालतील, असं तो म्हणाला. जोरात, सारखी वाजवली तर फुटेल, आणि तुकडा खाली वाजवणाऱ्याच्या डोक्यावर येईल. पण धोका नको म्हणून पाळकांनी दोर वर गुंडाळून मनोऱ्याला कुलूप लावलं.

आणि मग तो धुक्याचा दिवस आला.

सकाळी आकाश स्वच्छ होतं. सगळ्या होड्या बाहेर गेल्या. मोठीआईचे दोन्ही मुलगे एका होडीवर होते. दुपारी समुद्राकडून धुकं चालत आलं. आधी खडक गेले, मग धक्का गेला, मग मला समोरचं घरही दिसेना. बंदराच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना खडक आहेत. मधून होडी काढायची तर दिसायला हवं, नाहीतर ऐकू यायला हवं. बंदरातला भोंगा तर कधीचा बिघडून पडला होता.

खाली कुलूप वाजलं. मोठीआई आली होती; किल्ली कुठं असते ते तिला ठाऊक होतं. पाठोपाठ तिची मुलगी आणि धापा टाकत तरुण पाळक. त्यांनी तिला परोपरीनं विनवलं. तुकडा डोक्यावर पडेल, असं सांगितलं.

दोर सोडवत ती म्हणाली, "मग जरा बाजूला उभे राहा, आणि प्रार्थना करा. मनातल्या मनात करा. मला टोले ऐकू यायला हवेत."

पहिला टोला पडला, तेव्हा माझ्या अंगातून कळ गेली. दुसऱ्याला तडा किंचित वर सरकला. ती थांबली नाही. एक टोला, एक श्वास, पुन्हा टोला. माझा आवाज फाटत चालला होता, पण धुक्यात तो लांब जात होता. धक्क्यावरून बायकांची हाक आली. एक होडी लागली. थोड्या वेळानं आणखी एक. प्रत्येक हाकेला मोठीआई मान वर करायची आणि तिच्या मुलांची नावं ऐकू आली नाहीत की दोर पुन्हा खेचायची. तिच्या तळहातांची सालं निघाली होती.

शेवटी मुलगे आले. त्यांच्या होडीची बाजू खडकाला घासली होती, पण ते धडधाकट होते. थोरला धावत मनोऱ्यात शिरला.

"आई, सोड आता. सगळे आले."

"सगळे?"

मुलगी हळूच म्हणाली, "बर्फवाला बाहेर आहे. एकटाच."

"त्यानं बाबांना पाठवलं, तेव्हा कोणाचा विचार केला होता?" थोरला म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्तच लागला.

दोर ढिला पडला. माझा लोलक झुलत झुलत थांबला. मित्रांनो, त्या शांततेत मला बरं वाटलं. मला जगायचं होतं. आणखी थोडे टोले, आणि मी दुभंगणार हे मला कळत होतं. बाहेर धुकं तसंच होतं. मोठीआई आपल्या सोललेल्या तळहातांकडे बघत होती.

मग ती म्हणाली, "माझा राग आहे तसाच आहे. पण तो घरी आल्याशिवाय मी रागावू कोणावर?"

तिनं दोर धरला, पण हातांनी साथ दिली नाही. तो निसटला. थोरल्यानं तिच्याकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि दोर आपल्या हाती घेतला. तिनं त्याच्या मुठीवर आपला हात ठेवला. दोघांनी मिळून खेचलं.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. एका टोल्याला माझ्या काठाचा तुकडा सुटला. तो तिच्या खांद्याला चाटून जमिनीवर आदळला. पाळक ओरडले. ती वरही बघेना. माझ्या घशातून आता टोला नव्हे, नुसती खरखर निघत होती. तरी ते खेचत राहिले. आणि मग खडकांच्या बाजूनं पाण्यात वल्ह्याचा आवाज आला. दमलेल्या हातांचा, चुकत माकत येणारा.

बर्फवाला चर्चच्या दारापर्यंत आला आणि तिथंच उभा राहिला. आत यायची त्याची हिंमत होत नव्हती. मोठीआई बाहेर आली. मला वाटलं, आता ती क्षमेबद्दल काहीतरी बोलेल. तिनं एवढंच विचारलं, "भिजलात का?" त्यानं मान हलवली. तिनं मुलीला कोरडी चादर आणायला पाठवलं.

त्यानंतर ती त्याच्याशी बोलू लागली. गोड नव्हे, पण बोलू लागली. नवऱ्याचा विषय तिनं एकदा काढला आणि त्याला शेवटपर्यंत ऐकायला लावला. पुढे तो आजारी पडला, तेव्हा तिच्या घरून त्याला रोज जेवणाचा डबा जायचा. थोरला कुरकुर करायचा, आणि डबा तोच नेऊन द्यायचा.

मला मात्र कोणी फारसं वाजवेना. मनोऱ्यात विजेवर चालणारा कर्णा आला. तो नव्या घंटेचा सुरेल आवाज काढतो. परवा मोठीआईच्या वेळी पाळकांना तोच लावायचा होता. तिची मुलगी काही न बोलता मनोऱ्यात आली आणि तिनं दोर खेचला. माझा आवाज चांगला निघाला नाही. भांडं पडल्यासारखा निघाला. पण धक्क्यावर जाळी झाडणारी माणसं जागच्या जागी उभी राहिली. अंगणात थोरला दोन्ही हातांत तोंड लपवून रडला. नातवंडांनी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं.

मित्रांनो, कर्णा खुशाल लावा. माझी तक्रार नाही. पण माझा दोर ओला ठेवू नका, तो कुजतो. मनोऱ्याच्या कुलपाला तेल घालत जा, आणि किल्ली कुठं आहे ते प्रत्येक घरातल्या एकाला तरी माहीत असू द्या. आणि आपलं माणूस सुखरूप घरी आलं, की लगेच दोर सोडून जाऊ नका. आधी विचारा, बाहेर अजून कोण आहे.