ह्यांच्या नावाचं बोलावणं

ह्यांना जाऊन आठ महिने झाले होते आणि श्रावणातल्या एका दुपारी ह्यांच्या नावानं बोलावणं आलं.

आम्ही मूळचे अंबाजोगाईचे. हे पुण्याच्या बाजूला एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा भरे गावात साळूबाईंच्या घरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या, त्या मी अजून सोडलेल्या नाहीत. खिडकीपाशी ह्यांचा संगणक आहे. गौतमी ही ह्यांची शेवटची विद्यार्थिनी. तिनं मला मेल उघडायला शिकवलं होतं, कारण ह्यांच्या मागेही लांबलांबच्या लोकांची पत्रं येत राहिली आणि हे गेल्याचं त्यांना कळवायला कुणीतरी हवं होतं. चातुर्मासात मी एकदाच जेवते. जेवण झालं, भांडी झाली, की ते काम करायचं.

मी बी.ए. झालेली, इंग्रजी सावकाश लागतं. 'परम आदरणीय डॉ. नरहरी' अशी सुरुवात होती. आपला गोगलगाईंवरचा लेख आम्ही अत्यंत आदराने वाचला, आपल्यासारख्या थोर शास्त्रज्ञाचा पुढचा लेख आमच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापण्याचं भाग्य लाभावं, पंधरवड्यात प्रसिद्ध करू, लवकर पाठवावा.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. ह्यांना उभ्या आयुष्यात कुणी थोर म्हटलं नव्हतं. पावसाळा आला की हे ताम्हिणीच्या जंगलात जायचे आणि झाडांवर राहणाऱ्या गोगलगाई बघत चिखलात उभे राहायचे. त्यावरून आमच्या नात्यातले लोक काय बोलायचे ते मी ऐकलेलं आहे. सुरुवातीला मलाही किळस यायची. मग एकदा ह्यांनी गॅलरीतल्या कुंडीत चार आणून ठेवल्या, आणि तुळशीला पाणी घालताना माझी नजर आपोआप तिकडे जायला लागली.

पाच पावसाळ्यांचं काम होतं ते. गौतमी आणि हे, दोघांच्या नावाचा लेख लिहून तयार होता. धाडायचा राहिला आणि मार्गशीर्षात हे गेले.

संध्याकाळी गौतमी आली तेव्हा मी तिला ते बोलावणं दाखवलं. तिनं वरवर वाचलं.

"काकू, असल्या मेल सगळ्यांना येतात. कुठून कुठून नावं गोळा करतात आणि मशीननं पाठवत सुटतात. आमच्या इतिहासाच्या बाईंना परवा मूत्रपिंडाच्या परिषदेचं आमंत्रण आलं. अध्यक्ष म्हणून!"

ती खूप हसली. मग हसता हसता थांबली.

"पण छापतात हं. पैसे घेतात, पण पंधरा दिवसांत खरंच छापतात."

तिच्या मनात काय आलं ते मला कळलं. गणपती झाल्यावर तिची एका कॉलेजात मुलाखत होती, आणि तिथं छापलेला एक तरी लेख दाखवावा लागणार होता. तिचे वडील भिवाजी ताम्हिणीला धाबा चालवतात. नोकरी लागली तर ठीक, नाहीतर यंदा मी तुझं लग्न उरकून टाकतो, असं त्यांनी तिला बजावून ठेवलेलं.

"सर ज्यांना देणार होते ते कोलकात्याचे संपादक सहा-सहा महिने वाचत बसतात," ती म्हणाली. "आणि मग चुका काढतात."

"मग ह्या मेलवाल्यांना दे की," मी म्हणाले. "मागतायत एवढं आदरानं."

मला तसं मनापासून वाटलं होतं. फक्त एक गोष्ट आधी करायला हवी होती. आमच्याकडे गेलेल्या माणसाची चौकशी करत कुणी दारात आलं, तर आधी ते सांगायचं. ऐकणारा घटकाभर खाली बसतो, पाणी घेतो, मग बाकीचं बोलणं. दुसऱ्या दिवशी मी इंग्रजीत लिहिलं, की आपण ज्यांना बोलावलं ते आता हयात नाहीत, लेखाबद्दल त्यांची विद्यार्थिनी कळवील, आपण आठवण ठेवलीत त्याबद्दल ऋणी आहे.

लिहून झाल्यावर मी तिथंच वाती वळत बसले. दोन-चार वाती झाल्या असतील नसतील, उत्तर आलं.

'परम आदरणीय डॉ. नरहरी, आपल्या सकारात्मक प्रतिसादाबद्दल मनःपूर्वक आभार. आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा करतो. लेखाची आतुरतेने वाट पाहत आहोत.'

माझंच इंग्रजी चुकलं असं मला वाटलं. तेवढ्यात साळूबाई अळूची पानं घेऊन आल्या.

"काय वो बाई, त्वांड का उतरलंय?"

मी सांगितलं.

"तुमी काय लिवलंतं?"

"हे गेले म्हणून."

"आन त्ये काय म्हनत्यात?"

"प्रकृती उत्तम असेल अशी आशा करतो."

साळूबाई उंबऱ्यावरच टेकल्या. "आवं, असा सांगावा आला तर दुश्मनबी अरारा म्हनतोय. ह्ये कुटलं थोर लोक?"

"माणूस लिहीतच नाही म्हणे, साळूबाई. मशीन पाठवतं. गौतमी म्हणत होती."

"मंग मशीनला कशापायी सांगत बसलाव? तितं मिक्सर हाय की तुमचा, त्येला सांगा!"

मला हसू आलं आणि त्या हसण्यातच डोळे भरून आले. साळूबाई अळूच्या शिरा काढत बसून राहिल्या.

त्या गेल्यावर मी पुन्हा लिहिलं. या वेळी एकच ओळ, शाळेतल्या मुलीलाही कळेल अशी: माझे पती वारले आहेत. उत्तर पुन्हा तसंच, फक्त खाली जाड अक्षरांत घातलं होतं, की उद्या शेवटची तारीख.

सकाळी उठल्यापासून तुळशीला पाणी, देवापुढे दिवा आणि पोथीचा अध्याय होईपर्यंत मी बोलत नाही. लग्नाच्या आधीपासूनचा नेम आहे. हे गेले त्या पहाटे साळूबाईंना बोलवायला मी भिंतच वाजवली होती, तोंडून हाक निघाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी माझी पोथी चालू असतानाच गौतमी आली. केस ओले, छत्री दाराशी उभी केलेली.

"काकू, तुमचं चालू दे. त्यांच्या साइटवर बघितलं, आज शेवटची तारीख आहे. मी लेख पाठवून टाकते."

ती संगणकापाशी बसली. माझी बोटं ओळीवरून फिरत होती, पण कान तिच्याकडे होते. देवापुढे दूध-साखरेची वाटी झाकून ठेवलेली होती. ती वाटी मी आयुष्यभर किती जपत आले आहे, कुणाचं बोट लागू नये, मुंगी चढू नये.

"थांब," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच परका वाटला. गौतमी खुर्चीतल्या खुर्चीत गर्रकन वळली.

"काकू, तुम्ही बोललात!"

"त्यांनी एकदा छापला की मग कोलकात्याला देता येईल?"

"नाही. एक लेख एकदाच छापतात."

"म्हणजे उष्टा झाला."

"काकू, हा लेख आहे. नैवेद्य नाही."

"ह्यांचा होता. मी त्यांना दोनदा सांगितलं, हे गेले म्हणून. काय म्हणतात ते वाच."

तिनं दोन्ही उत्तरं वाचली. तिचा चेहरा लाल झाला, पण राग माझ्यावर आला.

"तुमचं बरं आहे. तुम्हाला कुठं मुलाखतीला जायचंय? सर गेले, काकू. पण मी आहे ना अजून!"

हे खरंच होतं.

"लेख तुझाही आहे," मी म्हणाले. "पाठवायचा तर पाठव, मी हात धरणार नाही. फक्त ह्यांचं नाव काढून पाठव. ते तिथं नको."

ती पुन्हा पडद्याकडे वळली. वर दोन नावं होती, आधी ह्यांचं, मग तिचं. ह्यांच्या नावाच्या शेवटच्या अक्षरापाशी टाइप करायची रेघ लुकलुकत राहिली. एक अक्षर पुसलं गेलं. दुसरं गेलं. मग तिचा हात थांबला. तिनं ती अक्षरं परत टाइप केली, संगणकाचं बटण तसंच बंद केलं आणि निघून गेली. छत्री माझ्याच दाराशी राहिली.

मी अध्याय पहिल्यापासून वाचला. मौन मोडलं म्हणून त्या दिवशी दिवे लागेपर्यंत बोलले नाही. साळूबाईंना खुणेनं सांगितलं तर म्हणाल्या, "एका 'थांब'साठी आख्खा दिस? देव लई कडक हाय वो तुमचा."

गौतमीनं आठवड्यानं लेख कोलकात्याला पाठवला. तसं तिनं फोनवर दोन शब्दांत सांगितलं. मुलाखतीत छापलेलं काय आहे ते विचारलं, पाठवलाय म्हणून ती म्हणाली, आणि नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली. भिवाजींनी मला काही म्हटलं नाही. साळूबाईंच्या यजमानांना, नथूभाऊंना, बाजारात गाठून सुनावलं, की तुमच्या भाडेकरणीनं माझ्या पोरीचं वाटोळं केलं. ते ऐकल्यावर कितीतरी दिवस देवापुढे बसले की मला तेच ऐकू येई.

कोलकात्याचं उत्तर पौषात आलं. तोवर ह्यांचं वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं. गौतमी ते घेऊन माझ्याकडे आली, खुर्चीवर बसून मोठ्यानं वाचायला लागली.

'आपल्या सहलेखकांच्या निधनाची वार्ता वाचून फार वाईट वाटले. आमची भेट कधी झाली नाही, परंतु त्यांच्या पूर्वीच्या एका निष्कर्षावरून आमचा पत्रांतून वाद झाला होता, आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते.'

एवढं वाचून ती थांबली. मी खाली चटईवर होते. ती खुर्चीवरून उठली आणि माझ्याजवळ येऊन खाली बसली. मी तिला पाणी दिलं. मलाही प्यावंसं वाटलं.

मग पुढची पानं. सगळ्या चुका. भर उन्हाळ्यातली मोजणी एकाच वर्षाची आहे, ती आणखी एकदा करून मगच लेख परत पाठवावा, आणि दिवंगत लेखकाच्या नावापुढे तशी खूण करावी.

"म्हणजे अजून एक उन्हाळा," गौतमी म्हणाली. "बाबांना काय सांगू?"

तिनं काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. लग्नाची बोलणी त्यांनी दिवाळीपर्यंत पुढे ढकलली, एवढं कळलं.

चैत्रात मी तिच्याबरोबर ताम्हिणीला गेले. तोपर्यंत कधीच गेले नव्हते. मोजणी उन्हं चढायच्या आत करायची म्हणून आम्ही भल्या पहाटे पोचलो. धाब्यापुढे भिवाजी शिडी घेऊन उभे होते.

"या. तुमीबी आलाव व्हय?"

मी हात जोडले.

"बाबा, काकू आत्ता बोलत नाहीत. नेम आहे त्यांचा."

"बेस हाय," भिवाजी म्हणाले. "त्या बोलल्या की आमचं नुकसान होतंय."

असं म्हणून त्यांनीच शिडी खांद्यावर घेतली आणि पुढे चालायला लागले.

जंगलात पानगळ झालेली. गोगलगाई खोडांना घट्ट चिकटून होत्या, पांढऱ्या पापुद्र्यानं तोंड मिटून घेतलेल्या, पाऊस येईपर्यंत तशाच राहणार. भिवाजींनी शिडी धरली. वर चढून गौतमी एकेक मोजत होती, आणि खालून मी लिहून घेत होते. एका खोडाचं आटपून ती उतरायला लागली, तेव्हा मी तिच्या पावलाला हात लावला आणि वर बोट दाखवलं. एका फांदीच्या बेचक्यात, सालीच्याच रंगाची, एक राहिली होती.