पोस्टमनकाकांकडे बघत राहायचं

लांडग्याच्या गोष्टीमागे आम्ही तिघं त्या गावात सतरा दिवस फिरत होतो. एकोणचाळीस मुलाखती झाल्या होत्या आणि त्यातल्या एकाही माणसाने स्वतः काही पाहिलेलं नव्हतं. पाहिलं होतं कुणाच्या मेहुण्याने, कुणाच्या चुलतसासऱ्याने, आणि तो नेमका परगावी गेलेला असायचा. गोष्ट मात्र सगळीकडे एकच. गावात एक माणूस आहे, त्याच्यावरची नजर हटली की तो लांडगा होतो. कोण, असं विचारलं की लोक पंख्याकडे बघायला लागायचे.

एम.ए.चं शेवटचं वर्ष, त्यासाठीचा हा प्रकल्प. आमच्यातला वकील खरा वकील नव्हता, पण गप्प बसणं त्याला जमायचं नाही म्हणून ते नाव पडलं होतं. लहानी आम्हा दोघांपेक्षा दोन वर्षांनी मोठी होती, फक्त उंचीने मार खाल्ला होता. मी टिपणं उतरवून काढायचे. दिवसभर चालायचं आणि रात्री तेच तेच लिहायचं, त्यामुळे लांडगा हा शब्द दिसला तरी मला जांभई यायची.

सतराव्या दिवशी सकाळी एक बाई आमच्या खोलीवर आली. पन्नाशीच्या आतबाहेरची, बोटांना शिवणाच्या सुया टोचून टोचून घट्टे पडलेले. शर्टाच्या कारखान्याचं काज-बटणांचं काम ती घरी आणून करायची.

"तुम्ही लांडग्याचं विचारताय ना?" ती म्हणाली. "तो माझ्या घरी आहे. माझे वडील. दुपारी या, पण तिघंही या. आणि येण्याआधी झोप काढून घ्या."

वकिलाने तिला काही विचारायला तोंड उघडलं, तोवर ती जिना उतरून गेलीसुद्धा.

घर दोन खोल्यांचं होतं, मागे स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशीन, बाजूला शर्टांचे गठ्ठे, आणि भिंतीला लागून पलंग. पलंगावर एक किरकोळ म्हातारा पेपर वाचत बसला होता. दाढी गुळगुळीत, नखं मुळापर्यंत कापलेली. गाव त्यांना पोस्टमनकाका म्हणायचं. तीस वर्षं त्यांनी टपाल वाटलं होतं, म्हणून आम्हीही काकाच म्हणालो. त्यांनी आमच्याकडे बघून मान हलवली आणि पान उलटलं.

त्यांची मुलगी, आम्ही तिला ताई म्हणायला लागलो होतो, बोलायला लागली. बोलताना तिने एकदाही वडिलांवरची नजर काढली नाही. हातातलं काज मात्र चालूच होतं, न बघता.

"जंगलाच्या वळणावर काहीतरी चावलं होतं त्यांना. मी तेव्हा कॉलेजात. नवव्या दिवशी पहिल्यांदा झालं. कुणीतरी जागं राहून त्यांच्याकडे बघत असलं की काही नाही, झोपले तरी माणूसच राहतात. कुणी नसलं की साधारण बारा मिनिटं लागतात."

"आणि कोंडून ठेवलं तर?" लहानीने विचारलं.

"एकदा ठेवलं होतं. दाराला धडका देऊन दोन दात पाडून घेतले. माणूस झाले तेव्हा रडत होते. मग आईने आणि मी पाळ्या लावल्या. आई जाऊन चार वर्षं झाली."

"मग तुम्ही झोपता कधी?"

ताईने मशीनवरच्या गजराच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. "दहा मिनिटांचा लावते. वाजला की उठायचं, त्यांच्याकडे बघायचं, परत लावायचा."

काकांनी पेपरची घडी घातली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "ती खोटं बोलत नाही, पोरांनो. पण मला त्यातलं काही आठवत नाही, म्हणून मी तिच्या शब्दावर चालतो."

"तुम्हाला हवं ते लिहा," ताई म्हणाली. "मला फक्त चार तास द्या. तिघांपैकी एकाने त्यांच्याकडे बघत राहायचं. बस."

ती आतल्या खोलीत गेली. खाटेची कुरकुर ऐकू आली आणि लगेच घोरणं सुरू झालं. एवढ्या झटक्यात झोपलेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

पहिला दीड तास आम्ही नेमाने बसलो. काकांनी लहानीला पत्त्यांच्या डावात दोनदा हरवलं. कुठल्या घरी कुठली पत्रं यायची, हे त्यांना अजून तोंडपाठ होतं. वकील पाय हलवत बसला होता. शेवटी तो उठला आणि आम्हाला दाराशी बोलावून कुजबुजला.

"म्हातारा शहाणा आहे. बाई वर्षानुवर्षं झोपलेली नाही, आजारी ती आहे. पंधरा मिनिटं आपण स्वयंपाकघरात बसू, फोन इथे चित्रणाला लावून ठेवू. काही होणार नाही आणि तेच तिला दाखवू. तिचाच फायदा आहे."

"तिने विश्वासाने सांगितलंय," लहानी म्हणाली.

"मग चाळिसावी मुलाखत म्हणून काय लिहायचं, तिने विश्वासाने सांगितलं?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणायला हवं होतं. मला कळत होतं की नाही म्हणायला हवं. पण माझी पाठ धरली होती, टाचा ठणकत होत्या, आणि स्वयंपाकघरातल्या गार फरशीवर पाय टेकावेत यापलीकडे मला काही सुचत नव्हतं. मी खांदे उडवले. तेवढ्यावर ठरलं.

काकांना आम्ही पाणी प्यायला जातो म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "एक जण थांबा ना." वकील म्हणाला, "आलोच."

फरशीवर बसून आम्ही घड्याळाकडे बघत राहिलो. पेपर चाळल्याचा आवाज येत होता, मग तो थांबला. दहाव्या मिनिटाला काहीतरी फाटल्यासारखं झालं. शर्टाचा गठ्ठा पडला असेल, असं वकील म्हणाला. त्यानंतर फरशीवर नखं वाजली, सावकाश, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मीच पहिली उठले. पलंग रिकामा होता, बनियन फाटून खाली पडलेलं, आणि आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं. ताईने आतून कडी लावली नव्हती.

तो खाटेशी उभा होता. राखाडी, हाडकुळा, पाठीवरचे केस विरळ झालेले. म्हातारा लांडगा. तोंडात ताईचा हात होता, कोपराच्या खाली. ताई झोपलेलीच होती. तिने फक्त कूस बदलायचा प्रयत्न केला, हात निघेना तेव्हा कपाळाला आठी पडली, आणि ती पुन्हा घोरायला लागली.

"काका," मी म्हणाले. त्याचे कान हलले नाहीत. मी पुन्हा म्हणाले.

त्याने हात सोडून मान वळवली. डोळे पिवळे होते, पण बघणं ओळखीचं होतं. एक जण थांबा ना म्हणताना ते तसेच बघत होते. मी नजर हलवली नाही. माझ्यामागे लहानी रडत होती, वकील बाहेर नळाशी ओकत होता, आणि मी दाराची चौकट धरून बघत राहिले. जायलाही बारा मिनिटं लागतात. जबडा आत गेला, केस कमी होत गेले, गुडघे उलटे वळले. शेवटी खाटेशी एक नागडा म्हातारा बसला होता, तोंडाला रक्त, आणि तो मला विचारत होता, "काय झालं? मी काय केलं?"

मी चादर त्यांच्या अंगावर टाकली. लहानीने ओढणी फाडून ताईचा हात बांधला. तरी ती उठली नाही.

साडेआठला तिने डोळे उघडले. साडेसहा तास झाले होते. हाताकडे तिने बराच वेळ बघितलं.

"कुणी बाहेर गेलं होतं?"

"आम्ही तिघंही," मी म्हणाले. "मुद्दाम. बघायला."

वकील माफी मागायला लागला, नेहमीसारखी लांबण लावून. तिने हात वर करून त्याला थांबवलं. रागवायलाही अंगात जोर लागतो, तो तिच्यापाशी नव्हता.

"कडी लावायची राहिली," ती म्हणाली. मग उशीला टेकली. "झोप मात्र छान लागली."

कंपाउंडरने टाके घातले, कुत्रा चावला म्हणून लिहिलं. आम्ही नऊ दिवस थांबलो. नवव्या दिवशी ताईलाही जे व्हायचं ते झालं. आता त्या घरात दोघं जण होते आणि बघायला घरचं कुणीच नव्हतं.

वकिलाने अहवाल लिहिला. लोकश्रद्धा, एकटेपणा, निद्रानाश, असं सगळं व्यवस्थित. फोनवरचं चित्रण त्याने आमच्यासमोर पुसलं. निकाल लागल्यावर तो परदेशी गेला. सुरुवातीला दर आठवड्याला फोन करायचा, मग महिन्याला. लहानी अजून शनिवार-रविवार येते. बाकीचे पाच दिवस मी असते.

राहायचं असं मी कधी ठरवलं नव्हतं. पहिल्या महिन्यात वाटायचं, काहीतरी सोय लागली की जाईन. सोय म्हणजे काय, ते कुणालाच माहीत नव्हतं. ताईने मला काज करायला शिकवलं. दोन पलंग समोरासमोर लावले, म्हणजे मान न वळवता दोघंही दिसायचे. जागी असली की ताई काकांकडे बघायची, तेव्हा मला तिच्या एकटीकडे बघायचं असायचं. तिचं बघणं काकांना चालायचं, काकांचं तिला. एकमेकांकडे बघत बसले की मी अर्धा तास पडून घ्यायचे. पण दोघांनाही बसल्या बसल्या डुलकी लागायची, म्हणून अर्ध्या तासाच्या वर नाही.

गेल्या थंडीत काका गेले. पहाटे, झोपेत, माणूस म्हणूनच. मी बघत होते. छाती हलायची थांबली तरी मी बराच वेळ नजर काढली नाही. मग ताईला हाक मारली.

ती त्यांच्या पायाशी बसली, पावलं चोळत राहिली. उजाडल्यावर म्हणाली, "तू जा आता घरी. मी एकटी आहे, बघून घेईन काय ते."

"काय बघून घेशील?"

तिने डोळे पुसले आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. कारखान्याची गाडी दहाला यायची होती आणि साठ शर्ट बाकी होते. मी दिवा तिच्या बाजूला वळवला, खुर्ची ओढून घेतली आणि पहिला शर्ट मांडीवर घेतला.