सोशीक मार्तंडराव

मुलुंडच्या त्या चाळीत मार्तंडरावांइतका सोशीक माणूस दुसरा नव्हता, आणि ही गोष्ट ते स्वतःच सगळ्यांना सांगत. शेजारची रुक्मिणी एक दिवसाआड तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करायची. त्या धुरानं मार्तंडरावांना शिंकांवर शिंका येत. "पाच वर्षं सोसतोय, पण एका शब्दानं बोललो नाही," असं ते चाळभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत.

त्यांच्या मुलाचं, अनंताचं लग्न ठरलं, आणि घरात तर एकच खोली. नेमकं तेव्हाच घरमालकानं त्यांना गाठलं. "शेजाऱ्यांचा उपद्रव असह्य होतो, एवढं लेखी द्या. त्यांना उठवतो आणि ती खोली अनंताला देतो." मार्तंडराव हरखले. इतकी वर्षं सोसल्याचं चीज झालं म्हणायचं.

तरी नंतर कुणी नावं ठेवायला नको, म्हणून एकदा तोंडदेखलं समजावून सांगायला ते सकाळी नवाच्या आधी रुक्मिणीकडे गेले. तिचा नवरा धाकू भिंतीकडेला झोपला होता. दोन्ही कानांत कापसाचे बोळे आणि वरून मफलर, तोही ऐन चैत्रात.

"कान दुखतात का याचे?"

"नाय ओ काकानू," रुक्मिणी हळूच म्हणाली. "गिरणीत रातपाळी. आठाक येतत नि निजतत. तुमची पूजा नऊक असता ना, म्हणान."

मार्तंडरावांची पूजा म्हणजे घंटा, शंख आणि खड्या आवाजात तासभर स्तोत्रं. तीही याच भिंतीला लागून.

"कधीपासून चाललंय हे?"

"तुमी रव्हाक इलास तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"देवाचा काम तां. त्येका काय बोलूचा? बसा, चाय टाकतंय."

मार्तंडराव बसले. या पाच वर्षांतलं एक अक्षरही चाळीत कुणाच्या कानावर आलं नव्हतं. त्यांना स्वतःची मनस्वी लाज वाटली. मिश्रीचा विषय न काढता त्यांनी चहा घेतला.

संध्याकाळी घरमालक अर्ज मागायला आला.

"त्रास होतो ना तुम्हाला?"

"होतो की. पण त्यांनाही आमचा होतो. त्यांनी लिहायला घेतलं, तर आधी मलाच उठावं लागेल."

"आणि अनंताचं काय?"

"मधे पडदा लावू. आम्ही म्हातारा-म्हातारी गॅलरीत झोपू," मार्तंडराव म्हणाले. खोली गेली होती, पण त्यांना विलक्षण हलकं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजून गेले तरी देवापुढे आवाज नाही, म्हणून त्यांची बायको जयंतीबाई हात पुसत बाहेर आल्या. मार्तंडराव पाटावर बसून नुसते ओठ हलवत होते. त्या घाबरल्याच.

"अहो, बरं वाटत नाही का?"

"बरा आहे गं," मार्तंडराव कुजबुजले. "तू जरा हळू बोल. पलीकडे धाकू निजलाय."