फाट्यावरचा फ्लेक्स

गुलाबाच्या देठाला गुंडाळलेला चंदेरी कागद श्रेया नखानं सोलत होती, आणि तो सुटता सुटत नव्हता... हे फूल आपल्याला द्यायलाच नको होतं. ती आली होती दबकत, फाइलमध्ये नवा बायोडेटा घालून, विद्यापीठाच्या या प्लेसमेंट सेलमध्ये, सेल सांभाळणाऱ्या अंबिका मॅडमना एकांतात गाठायला — आणि मॅडमनी तिला दारातच पकडलं, "बरी आलीस गं, पोरांना चार शब्द सांग," म्हणून थेट शेवटच्या वर्षाच्या मुलांसमोर उभं केलं.

तिला निवडलेल्या कंपनीनं नेमणूक रद्द केल्याचा मेल येऊन एकोणीस दिवस झाले होते. चार ओळींचा मेल, तो फक्त तिनं वाचला होता.

सेलचा नियम असा, की एकदा नोकरी लागली की पुढच्या मुलाखतींच्या यादीतून नाव कटतं. एकानंच दोन ताटं अडवू नयेत म्हणून. गुरुवारी वाळूजची एक कंपनी येणार होती, त्यासाठीची यादी आज पाचला बंद. नाव परत घालायचं तर मॅडमना सांगावं लागणार, आणि मॅडमना सांगितलं की... तिच्याच गावच्या, करमाडच्या तीन पोरी समोरच बसल्या होत्या. संध्याकाळच्या बसनं बातमी तिच्याआधी गावात पोचली असती.

आणि गावात शिरताना फाट्यावरच तो फ्लेक्स — तिचा फोटो नको तितका गोरा केलेला, खाली अभिनंदन करणाऱ्या चोवीस जणांचे चेहरे, त्यातल्या निम्म्यांना ती ओळखतही नव्हती. नेमणुकीचं पत्र आलं त्याच दुपारी वडिलांनी, म्हणजे काकासाहेबांनी, तो छापायला टाकला होता. आधी रुजू तर होऊ द्या, असं ती म्हणाली होती... म्हणाली होती का? बाजारात तुरी म्हणतात ते हेच. आणि फोटो तर तिनंच निवडून दिला होता, निळ्या ड्रेसमधला. आता रोज सकाळी वडील विचारत, "कंपनीनं तारीख कळवली का गं?" ती म्हणे, पुढच्या सोमवारी. "व्हय, मोठ्या लोकांचं असंच असतंय," म्हणत ते बशीत चहा ओतून घेत. त्यांच्या या समजूतदारपणाची तिला सगळ्यांत जास्त भीती वाटे.

"...मुलाखतीत घाबरायचं नाही," ती बोलत होती.

तिसऱ्या बाकावरची मुलगी उठली. "मी संस्कृती, लासूर स्टेशनची," तिनं नाव सांगितलं. "ताई, मला काल पत्र आलं. पप्पा आज फ्लेक्सवाल्याकडं फोटो देणारेत. मी म्हणलं थांबा जरा, तर ऐकतच नाय. तुमच्या घरी पण असंच केलं होतं ना?"

वर्ग हसला, अंबिका मॅडमही हसल्या. आपण उघडे पडू ही श्रेयाची रोजची भीती क्षणभर बाजूला सरली आणि डोळ्यांपुढे त्या पोरीचाच फोटो आला, गोरा केलेला, स्टेशनबाहेर, उन्हात... काटा बोटात रुतला, तेव्हा कळलं आपण देठ किती घट्ट धरलाय. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार झाले होते.

"फोटो दिला का त्यांनी अजून?" तिनं विचारलं.

"नाय, संध्याकाळी देणार."

म्हणजे अजून वेळ होता. श्रेयानं फूल टेबलावर ठेवलं, फाइल पुढे घेतली. त्या चार ओळींच्या मेलचं ती आता सगळ्यांसमोर सांगणार होती, आणि करमाडच्या पोरीही ते ऐकतील याचं तिला एकोणीस दिवसांत पहिल्यांदाच काही वाटलं नाही.