पुडीचा गुण

साऱ्या गल्लीच्या कमरेची मापं शिंप्याला तोंडपाठ होती, पण स्वतःची कंबर त्याने कुणाला मोजू दिली नाही. लेकीला कळलं ते त्याची पॅंट वाळत घालताना. मागची शिवण एकदा नव्हे, दोनदा आत घेतलेली, आणि खाली धुऊनही न गेलेला तपकिरी डाग.

"बाबा, रक्त कधीपासून पडतंय?"

मशीनवरचा त्याचा पाय थांबला नाही. "तुझी पूड घेतोय की. आराम आहे."

एका झाडाच्या सालीची ही कडवट पूड. आजी पोटदुखीवर द्यायची. लेक औषधशास्त्र शिकली आणि तिने ती पारखून पाहिली. अर्ध्या लोकांना पुडीच्या गोळ्या, अर्ध्यांना दिसायला तशाच पण नुसत्या पिठाच्या. कुणाला काय मिळालं ते शेवटपर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं. पूड खरी ठरली. गॅस कमी होतो, मुरडा थांबतो. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. बापाने तो भिंतीवर चिकटवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचं डोकं खाल्लं. आता त्याच फोटोखाली बसून तो वाळत चालला होता.

"उद्या तपासणीला चला. पाया पडते तुमच्या."

"पुरावा तूच दिलास ना? मग लोकांना एक आणि बापाला एक, असं कसं?"

तिला रडू कोसळलं. त्याचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा.

"रक्त पडणारी, वजन उतरलेली माणसं आम्ही अभ्यासात घेतलीच नव्हती, बाबा. दारातूनच परत पाठवली."

आता मात्र चाक थांबलं. "कुठे?"

"मोठ्या दवाखान्यात. त्याच दिवशी."

"म्हणजे मला घेतलं नसतंस."

"नसतं घेतलं."

तो फोटोकडे बघत राहिला. "पण दुखायचं थांबलं होतं गं," तक्रार केल्यासारखा म्हणाला.

तिला उमगलं. दुखत राहिलं असतं, तर तो केव्हाच डॉक्टरकडे गेला असता. पुडीने गुण दिला, तोच नडला.

त्याने गळ्यातली टेप काढून तिच्या हातात दिली आणि गिऱ्हाईक उभं राहतं तसा हात बाजूला करून उभा राहिला. तिने कमरेभोवती टेप फिरवली. आकडा दिसला, पण तोंडातून निघेना.

"सांग," तो म्हणाला. "उद्या तिथे विचारतील ना."